पूर्वग्रह आणि भेदभाव : विद्यार्थ्यांसाठी

समाजशास्त्र व मानसशास्त्राच्या पुस्तकांत साचेबंद कल्पना, पूर्वग्रह आणि भेदभाव हे तीन शब्द लागोपाठ येतात. फुजैरात आमच्या घरी संध्याकाळी अभ्यासाला बसणारी मुले तिन्हींची व्याख्या एकच लिहितात. पाठांतराने हा गोंधळ सुटत नाही. उदाहरण घरातले घ्यावे लागते.

मध्यंतरी आपल्यापैकी एका मुलाने वर्गातील केरळच्या मुलाला सहज ‘मद्रासी’ म्हटले. त्याचे गाव कोणते, असे आम्ही विचारले. ठाऊक नव्हते. ओमानच्या आखाताकाठच्या या गावात दुकानात, दवाखान्यात, शाळेत मल्याळी माणूस रोज भेटतो, तरी मुलाच्या डोक्यात सगळ्या दक्षिणेसाठी एकच खण! मन असे खण करतेच. प्रत्येकाला नव्याने ओळखायला त्याला सवड नसते. ही साचेबंद कल्पना. ती विचारात असते.

आपल्या पूर्वजांनाही असा खण मिळाला होता. कुलाबा जिल्ह्यातील गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणे होते हे खरे, शब्बाथला ते बंद असत हेही खरे. पण शेती करणारे आणि पुढे कंपनीच्या पलटणीत नाव काढणारे त्या नावात बसत नव्हते. मात्र खण आला की तिटकारा येतोच असे नाही. माणूस ओळखण्याआधीच त्याच्याविषयी नावड बाळगली, तर तो पूर्वग्रह. तो भावनेत असतो. ती नावड कृतीत उतरली, की झाला भेदभाव.

1962 साली इस्राएलात मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडील पिढ्या तपासाव्यात. एकाच समाजाकडे बोट दाखवणारा नियम, म्हणून हा भेदभाव. 1964 च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी येरुशलेमात निदर्शने केली आणि ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. हे उदाहरण मुले मोठ्या उत्साहाने लिहितात.

दुसरे उदाहरण सांगितले की गप्प होतात. आपल्यातच पूर्वी ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात समाजाबाहेरची आई आली, त्यांना काळे म्हणत. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. दोघांत लग्ने होत नसत, ताटाभांड्यांचीही शिवाशीव पाळली जाई. म्हणजे इस्राएलात आपल्याला जो प्रश्न विचारला गेला, तोच, आईच्या कुळाचा, आपण आपल्याच माणसांना आधी विचारून बसलो होतो. हे मुलांपुढे काढू नये, असे काही पालकांनी आम्हांस सुचविले. आम्हांस ते पटले नाही.

मुलांना सध्या एकच काम दिले आहे : आजी-आजोबांना विचारून घरातले असे एक उदाहरण लिहावे, आणि ते विचारातले, भावनेतले की कृतीतले, ते समासात नोंदवावे.