अर्धशिशी आणि पेशींची ऊर्जा

डोक्याची एक बाजू ठणकू लागते, उजेड व आवाज सोसवत नाही, मळमळते. काहींच्या डोळ्यांपुढे आधी चमकत्या नागमोडी रेषा येतात. ही अर्धशिशी. आयुर्वेदात तिला ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. ही वेदना इतरांना दिसत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत ती पुष्कळदा अभ्यास टाळण्याची सबब ठरवली जाते. तिचे कारण समजून घेणे याकरिता अगत्याचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. मात्र विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. पेशींतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, अन्न व प्राणवायू यांपासून ही ऊर्जा ‘एटीपी’ या रेणूच्या रूपात सिद्ध करतात. १९२९ मध्ये एटीपीचा शोध लावणाऱ्यांत यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय शास्त्रज्ञ होते. अर्धशिशीच्या काही रुग्णांच्या मेंदूत, डोके दुखत नसतानाही, ऊर्जेची शिल्लक कमी असल्याचे चुंबकीय तंत्राच्या तपासणीत आढळले आहे. उपवास, जागरण, अतिश्रम यांनी ती आणखी घटते आणि मेंदूची वेदनायंत्रणा चेतवली जाते, असा तर्क आहे.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५५ रुग्णांपैकी काहींना तीन महिने रोज ४०० मिलिग्रॅम ब-२ जीवनसत्त्व दिले. तंतुकणिकांच्या कार्यास ते आवश्यक असते. त्यांच्यापैकी ५९ टक्के रुग्णांचा त्रास निम्म्याने किंवा अधिक घटला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. चाचणी लहान होती, आणि अर्धशिशीत आनुवंशिकतेचाही वाटा असतो. म्हणून हा तर्क अद्याप सिद्धान्त नव्हे. शिवाय ही मात्रा आहारातून मिळणाऱ्या मात्रेच्या कैकपट आहे; ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी.

निमित्तेही व्यक्तिगणिक भिन्न असतात. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये डोक्यावरून स्नान केल्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यास्तव दुखण्याची वेळ, आदले जेवण, झोप व स्नान यांची वही ठेवावी.

केळशीहून दापोलीची पहाटेची एस.टी. गाठताना मुलाला उपाशी पाठवू नये. नाचणीची भाकरी वा उकडलेले अंडे सोबत द्यावे. परीक्षेच्या काळातही झोपेची वेळ मोडू नये. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास डोकेदुखी उलट वाढते. एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, ताप व मान ताठणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब रुग्णालय गाठावे.

वसतिगृहातील जेवणाची व निजण्याची घंटा केवळ शिस्तीची नव्हे; अशा मुलांसाठी ती औषधाइतकीच मोलाची आहे. ‘डोके दुखते’ असे मूल म्हणाले, तर त्यास आधी विचारावे : जेवलास का, झोपलास का?