शर्यत संपल्यानंतरचा घोडा

चित्रकलेच्या इतिहासात घोडा बहुधा राजाला पाठीवर घेऊनच येतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मात्र शर्यतीचा घोडा स्वतःच्या नावाने चित्रात उभा राहिला. जमीनदार मंडळी वाडवडिलांच्या तसबिरींशेजारी आपल्या विजयी घोड्याचीही तसबीर लावू लागली. पण या चित्रांत एक गंमत आहे. ज्या धावण्यासाठी घोड्याचे एवढे कौतुक, ते धावणेच चित्रकारांना नीट दिसलेले नव्हते.

जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे १८२१ सालचे 'एप्समची डर्बी' हे चित्र पाहा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते आहे. वर काळवंडलेले आभाळ, खाली हिरवळ आणि भरधाव निघालेले घोडे. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, असे ताणलेले की घोडे जमिनीवरून तरंगत चालल्यासारखे वाटतात. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावपट्टीकडेला ओळीने बारा कॅमेरे लावून धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना! देगाने ही छायाचित्रे अभ्यासली. तरी त्याच्या चित्रांत प्रत्यक्ष शर्यत क्वचितच आढळते. त्याला शर्यतीपूर्वी येरझाऱ्या घालणारे, बिचकणारे घोडे अधिक आवडले.

मला स्वतःला या सर्वांत मोठा वाटतो तो जॉर्ज स्टब्ज (१७२४-१८०६). लिव्हरपूलच्या एका कातडी कमावणाऱ्याचा हा मुलगा. लिंकनशायरमधील एका खेड्यात सुमारे दीड वर्ष राहून त्याने मेलेले घोडे छताला टांगले, एकेक थर सोलून स्नायू आणि हाडे रेखाटली, आणि १७६६ साली 'घोड्याची शरीररचना' हा ग्रंथ काढला. त्यातील ठसेही त्याने स्वतःच कोरले. अशा माणसाला 'घोडे रंगवणारा' म्हणून खालच्या पायरीवर बसवणाऱ्यांनी ते दुर्गंधीतले दिवस आठवावेत.

१७९९ साली न्यूमार्केट येथे हॅम्बलटोनियन व डायमंड या दोन घोड्यांची तीन हजार गिनींच्या पैजेची शर्यत झाली. अंतर चार मैलांहून थोडे अधिक. चाबूक आणि टाचेच्या काट्यांच्या माऱ्याखाली हॅम्बलटोनियन जेमतेम अर्ध्या मानेने जिंकला. मालकाने स्टब्जला चित्र सांगितले. स्टब्जने काय रंगवले? प्रेक्षक नाहीत, स्वारही नाही. खरारा चाललेला, कान मागे पाडलेला, तोंड वासलेला, थकून गेलेला घोडा. एका बाजूला लगाम धरलेला माणूस, दुसऱ्या बाजूला घोड्याच्या पाठीवर हात टाकून उभा असलेला मोतद्दार पोरगा, हातात फडके. दोघेही थेट आपल्याकडे पाहतात. ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला हा पाठीवरचा हात समजावून सांगावा लागणार नाही. जनावर जिंकते मालकाच्या नावावर, पण त्याचा घाम पुसणारा निराळाच असतो. त्या पोराला स्टब्जने सुमारे बारा फूट रुंदीच्या चित्रात घोड्याच्या बरोबरीने जागा दिली.

मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्ट यांनी पैसे देण्याचे नाकारले. पंचाहत्तरी ओलांडलेला स्टब्ज न्यायालयात गेला आणि खटला जिंकला.