जुन्या वृत्तपत्रांतील 'बाळ'

मुलाचे केस पिकले तरी आई त्यास 'बाळ' म्हणूनच हांक मारते. मूळ संस्कृत शब्द 'बाल'. मराठींत 'ल'चा 'ळ' झाला आणि वय दाखविणारा शब्द माया दाखवूं लागला.

आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासांत हा शब्द आरंभींच भेटतो. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस निघालेल्या 'दर्पणा'चे संपादक होते बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर. पुढें १८८१ सालीं पुण्यास 'केसरी' निघाला. त्याच्या संस्थापकांपैकीं टिळक हेही बाळ गंगाधरच. त्यांचें जन्मनांव केशव. 'बाळ' ही घरांतील हांक. १९०८ सालीं 'केसरी'तील लेखांबद्दल मुंबईच्या हायकोर्टांत राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां सरकारनें आरोप ठेविला तो याच नांवावर, व सहा वर्षांची शिक्षाही याच नांवास झाली. पाळण्यांतील हांक अशी न्यायासनापुढें उभी राहिली.

जुनीं पत्रें वाचतांना व्याकरणाकडेही लक्ष द्यावें. 'बाळ आलें' म्हटलें म्हणजे तान्हें मूल. 'बाळ आला' म्हटलें म्हणजे त्या नांवाचा मुलगा. 'बाळ आले' म्हटलें म्हणजे त्याच नांवाचे आदरणीय गृहस्थ. जुन्या छपाईंत तान्हें मूल व थोर पुरुष यांमध्यें अंतर काय तें एका अनुस्वाराचें! तो नजरेंतून निसटला तर वाक्याचा अर्थ पार बदलतो.

यावरून एवढें ध्यानीं घ्यावें कीं, मायेचें नांव माणसास लहान करीत नाहीं. आईबापांनीं ठेविलेल्या लाडक्या नांवाची लाज न बाळगतां आपल्या करणीनें तें मोठें करावें.