घरचा सर्व्हर घरांतूनच कां उघडत नाहीं?

गेल्या पावसाळ्यांत आमचा कांहीं दिवस मुक्काम नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील इस्लापूर या गांवीं एका आप्तांकडे होता. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा तेथून जवळच असल्यामुळें त्या दिवसांत तो पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आम्हीही त्याच हेतूनें गेलों होतों. परंतु त्या मुक्कामांत आम्हांस खरा धडा मिळाला तो धबधब्यापाशीं नव्हे, तर यजमानांच्या ओसरीवर. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमच्या आप्तांनीं त्या ओसरीवर गांवांतील मुलांसाठीं एक लहानशी अभ्यासिका चालविली आहे. एका जुन्या संगणकावर त्यांनीं दहावीच्या विषयांचे धडे व सरावाच्या प्रश्नपत्रिका सांठवून ठेविल्या असून, मुलें ओसरीवर बसून वाय-फायच्या द्वारें तीं पानें मोबाइलवर उघडतात. जो संगणक मागणाऱ्यास हवें तें पान पुरवितो त्यास सर्व्हर म्हणतात. आणि तो परक्याच्या जागेंत भाड्यानें न ठेवतां स्वतःच्या घरीं ठेविला म्हणजे घरचा सर्व्हर झाला. दूरच्या वाडीवरील मुलांसही सायंकाळीं हींच पानें पाहतां यावींत म्हणून आप्तांनीं त्या सर्व्हरला इंटरनेटवर एक नांव घेऊन दिलें होतें. तें नांव टाइप केलें कीं कोठूनही अभ्यासिकेचें पान उघडे.

एके सकाळीं मोठें नवल झालें. नांदेडास असलेल्या त्यांच्या कन्येनें दूरध्वनीवरून सांगितलें कीं, पान उत्तम उघडतें. वाडीवरील एका मुलानेंही तेंच सांगितलें. परंतु ज्या ओसरीवर तो संगणक प्रत्यक्ष ठेविलेला, तेथें एकाही मुलास तें उघडेना. सराव-परीक्षा दोन दिवसांवर येऊन ठेपली होती. आदल्या सायंकाळीं नववींतील एका मुलानें ओसरी झाडतांना संगणक जरा सरकविला होता. त्याच्याच हातून कांहीं बिघडलें असावें, असें ज्याच्या त्याच्या तोंडून निघूं लागलें. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हींही मान डोलाविली. मुलगा कांहीं न बोलतां कोपऱ्यांत जाऊन बसला.

पत्त्यांचें प्रकरण

या कोड्याचा उलगडा होण्यासाठीं प्रथम पत्त्यांचें प्रकरण समजून घेतलें पाहिजे. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता लागतो, त्यास आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या व अद्यापि बहुप्रचलित असलेल्या पद्धतींत असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होऊं शकतात. जगांतील यंत्रांस ते पुरणार नाहींत हें ध्यानांत आल्यावर १९९४ सालीं एक तोड सुचविण्यांत आली: घरास किंवा संस्थेस बाहेरचा पत्ता एकच असावा, व आंतील यंत्रांनीं आपापसांत खासगी पत्ते वापरावे. अशा खासगी पत्त्यांचे जे गट १९९६ सालच्या नियमांत नमूद आहेत, त्यांपैकीं १९२.१६८ या अंकांनीं आरंभ होणारे पत्ते घरोघरीं आढळतात. पुढें ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जागतिक कोठारांतील मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे गट वांटून संपले, आणि ही तोड अधिकच आवश्यक होऊन बसली.

आमच्या विद्यार्थ्यांस वसतिगृहाचा दाखला चटकन् पटेल. टपालवाल्यास वसतिगृहाचा पत्ता एकच ठाऊक असतो. कोणता मुलगा कोणत्या खोलींत राहतो हें दारावरचा रखवालदार जाणतो व आलेलें पत्र त्या त्या खोलींत पोंचवितो. घरांतील राउटर नांवाची पेटी म्हणजे हा रखवालदार होय. ‘बाहेरून अमुक क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, जी मागणी येईल ती १९२.१६८.१.१० या संगणकाकडे धाडावी,’ असा हुकूम त्यास देऊन ठेवावा लागतो. अंक लक्षांत राहत नाहींत म्हणून नांवें वापरावयाचीं, व नांव विचारल्यावर पत्ता सांगणारी जी व्यवस्था तिला डी.एन.एस्. म्हणतात. ती पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं योजिली.

आतां असें समजा कीं, सात क्रमांकाच्या खोलींतील मुलानें दहा क्रमांकाच्या खोलींतील मित्रास पत्र लिहिलें, परंतु त्यावर पत्ता घातला तो वसतिगृहाचा. येथें दोन प्रकारें घोटाळा होऊं शकतो. पहिला असा कीं, रखवालदारास मिळालेला हुकूम केवळ बाहेरून येणाऱ्या पत्रांपुरताच असतो. आंतून आलेलें पत्र वसतिगृहाच्या नांवें आहे, अर्थात् तें आपलेंच, असें समजून तो स्वतःच तें फोडतो. अशा वेळीं मोबाइलवर राउटरचेंच प्रवेशपान दिसतें किंवा जोडणी नाकारली जाते.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. रखवालदार पत्र दहा क्रमांकाच्या खोलींत पोंचवितो खरें, पण पाठविणाराचा खोली-क्रमांक तसाच राहूं देतो. दहा क्रमांकाचा मुलगा पाहतो कीं, हें तर शेजारच्याचेंच पत्र. म्हणून तो रखवालदारास वगळून उत्तर थेट सात क्रमांकाच्या खोलींत नेऊन देतो. सात क्रमांकाचा मुलगा मात्र वसतिगृहाच्या पत्त्यावरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत असतो. दहा क्रमांकाकडून आलेलें उत्तर आपलें नव्हे म्हणून तो तें टाकून देतो. दोघांचाही अपराध नाहीं, पण संभाषण कांहीं होत नाहीं. बाहेरच्या मनुष्यास जो पत्ता अगदीं बरोबर, तोच घरांतल्यास अडचणीचा ठरतो तो असा.

दोष शोधण्याच्या चार पायऱ्या

दोष शोधतांना जवळून दूर जावें, आणि पायरी ठरल्यावांचून कशासही हात लावूं नये. आम्हीं कोपऱ्यांत बसलेल्या त्या मुलासच हाक मारली व चारही पायऱ्या त्याच्याच हातून करविल्या.

पहिली पायरी सर्व्हरवरची. त्याच संगणकावर ब्राउझर उघडून १२७.०.०.१ हा पत्ता टाइप करावा. (यंत्रावर हे अंक इंग्रजी लिपींतील घालावयाचे असतात.) या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा होतो. येथें पान न उघडल्यास पान पुरविणारा कार्यक्रमच बंद पडला आहे असें समजावें. इस्लापुरास पान तत्काळ उघडलें. संगणक सरकविल्यानें कार्यक्रम बिघडला नव्हता, एवढें येथेंच सिद्ध झालें.

दुसरी पायरी शेजारच्या यंत्रावरची. मोबाइलवरून नांव न घालतां १९२.१६८.१.१० हा आंतला पत्ता घालावा. पुष्कळांची फसगत याच पायरीवर होते, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. मोबाइल खरोखर वाय-फायवर आहे कीं सिमच्या डेटावर, हें प्रथम पाहावें. वाय-फायला इंटरनेट नसलें म्हणजे कित्येक मोबाइल आपण होऊनच डेटाकडे वळतात. मोबाइल पाहुण्यांसाठींच्या वेगळ्या वाय-फायवर असल्यास राउटर त्यास घरच्या यंत्रांपासून दूर ठेवतो. राउटर आंतले पत्ते ठराविक मुदतीनें देत असल्यामुळें कालचा १० आज १४ झालेला असूं शकतो. तेव्हां सर्व्हरचा पत्ता राउटरमध्यें कायम राखून ठेवावा. सर्व्हरचा कार्यक्रम केवळ १२७.०.०.१ वरच कान देऊन बसला असेल, तर शेजाऱ्याची हाक त्यास ऐकूं येत नाहीं. शेवटीं संगणकांतील फायरवॉल पाहावी; घरचें जाळें जर ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलें गेलें असेल तर ती परक्याप्रमाणें घरच्यांसही अडविते. तीस सर्वस्वीं बंद न करतां तेवढ्या एका पोर्टापुरती वाट द्यावी. आमच्या मुलानें आंतला पत्ता घातला आणि पान उघडलें. तार निसटली नव्हती, हेंही सिद्ध झालें.

तिसरी पायरी नांवाची. नांव घालतांच मोबाइलवर अभ्यासिकेच्या पानाऐवजीं राउटरचें प्रवेशपान आलें. एन्-एस्-लुकअप ही आज्ञा देऊन त्या नांवाचा पत्ता विचारला, तेव्हां उत्तरांत घराचा बाहेरचा पत्ता आला.

चौथी पायरी बाहेरची. वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून तेंच नांव उघडावें. मुलानें तसें केलें आणि पान उघडलें. बाहेरून उघडतें, आंतल्या पत्त्यानेंही उघडतें, पण आंतून नांवानें उघडत नाहीं, अशी तिन्हीं लक्षणें जुळलीं म्हणजे दोष बहुधा रखवालदाराच्या वागणुकींत असतो. बाहेरूनही न उघडल्यास राउटरला दिलेला हुकूम तपासावा, आणि राउटरचा स्वतःचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनीं सुरू होत असेल, तर इंटरनेट पुरविणाऱ्यानेंच एक पत्ता अनेक ग्राहकांत वांटला आहे असें समजावें. या कामासाठीं तो गट २०१२ सालीं राखून ठेवण्यांत आला. अशा घरीं हुकूम कितीही दिले तरी बाहेरची मागणी आंत येत नाहीं.

एवढें झाल्यावर आम्हीं आप्तांस विचारलें, “राउटर हाच पूर्वीचा काय?” ते क्षणभर थांबले. आदल्या दुपारीं जुना राउटर जाऊन नवा आला होता. बाहेरच्या मागणीचा हुकूम त्यांनींच त्यांत भरला होता, आणि बाहेरून पान उघडतें एवढें पाहून ते निश्चिंत झाले होते. जुना राउटर आंतली मागणी आंत वळवीत असे, नवा वळवीत नव्हता. झाडू मारणाऱ्या मुलाचा यांत कांहींएक संबंध नव्हता.

उपाय व त्यांचें तारतम्य

पहिला उपाय राउटरचा. आंतून आलेली मागणी त्यानें पुन्हां आंतच वळवावी, व पाठविणाराच्या जागीं आपला पत्ता घालावा, म्हणजे उत्तर त्याच्याच हातून परत जाईल. केसांत खोंवावयाच्या आंकड्यासारखी ही वाट जाऊन तशीच मागें वळते, म्हणून तीस हेअरपिन म्हणतात. कित्येक राउटरांत ‘नॅट लूपबॅक’ हें नांव आढळतें. राउटरांनीं हें केलेंच पाहिजे असें इंटरनेटच्या नियमकर्त्यांनीं २००७ व २००८ सालच्या निवेदनांत सांगितलें आहे. तथापि हें न करणाऱ्या पेट्या आजही भेटतात.

दुसरा उपाय नांवाचा. घरांतल्या घरांत विचारलें असतां त्याच नांवाचा आंतला पत्ता सांगेल असा नांव-सांग्या घरींच ठेवावा. बाहेरच्यास बाहेरचा पत्ता मिळेल, घरच्यास घरचा. तिसरा उपाय प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स नांवाच्या यादींत नांव व आंतला पत्ता हातानें लिहून ठेवण्याचा. तो सोपा खरा. परंतु तोच संगणक परगांवीं नेल्यास चुकीचा पत्ता धरून बसतो, आणि मोबाइलवर तशी यादी सहसा बदलतां येत नाहीं.

केवळ आंतले अंक वापरून काम कां भागवूं नये, असें कोणी विचारील. भागतें, परंतु सुरक्षित जोडणीचें प्रमाणपत्र नांवाला दिलेलें असल्यामुळें अंकांनीं उघडतांच ब्राउझर धोक्याची सूचना देतो. ती सूचना डोळे झांकून पुढें ढकलण्याची संवय मुलांस लावणें आम्हांस हितावह वाटत नाहीं. ज्या मुलास आज ती लागली, तो उद्यां बँकेच्या खोट्या पानावरही तेंच करील.

इस्लापुरास आम्हीं दुसरा उपाय पत्करला, व त्याचें कारण पावसाळा हें होय. राउटरनें वाट वळविली तरी नांव विचारण्यासाठीं बाहेर जावेंच लागतें. बाहेरची तार तुटली कीं नांवही नाहीं आणि बाहेरचा पत्ताही नाहीं. नांव-सांग्या घरींच असला म्हणजे बाहेर कांहीं होवो, ओसरीवरील धडा ओसरीवर उघडतो. त्यासाठीं डी.एन.एस्.मास्क नांवाचा मोफत कार्यक्रम त्याच संगणकावर बसविला, व नांवें त्यासच विचारावींत असें राउटरकडून सर्व यंत्रांस कळविलें. दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. तो संगणक बंद पडल्यास घरांतील यंत्रांना कोणतेंच नांव सांपडणार नाहीं. आणि ज्या मोबाइलवर ‘प्रायव्हेट डी.एन.एस्.’ चालू असेल तो घरच्या नांव-सांग्यास विचारणारच नाहीं.

घरांतलें घरांतल्यास पोंचविण्यासाठीं बाहेरची वाट धरावी लागणें ही अडचण एके काळीं आपल्या देशासही होती. मुंबईंतील एका कंपनीच्या ग्राहकानें मुंबईंतीलच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास धाडलेला मजकूर पुष्कळदां परदेशीं जाऊन परत येई; कारण त्या कंपन्यांस देशांत एकमेकींस जोडणारें समाईक ठिकाण नव्हतें. त्यासाठीं जून २००३ मध्यें नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, व मुंबईसारख्या शहरांत अशीं ठिकाणें उभीं राहिलीं.

परीक्षेच्या आदल्या रात्रीं इस्लापुरास जोराचा पाऊस झाला व बाहेरची तार बंद पडली. सकाळीं मुलांस मोबाइलचा डेटा बंद ठेवून वाय-फाय धरावयास सांगितलें. सर्वांच्या मोबाइलवर प्रश्नपत्रिका नांवानिशीं उघडली. कोणाच्या मोबाइलवर कोणती पायरी अडली आहे हें पाहावयास तो नववींतील मुलगाच ओसरीभर फिरत होता.

त्याआधीं, चौथी पायरी संपली तेव्हांच, आमच्या आप्तांनीं व आम्हीं त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली होती. आळ सर्वांसमक्ष घेतला होता, तेव्हां क्षमाही सर्वांसमक्षच मागणें उचित होतें. यंत्राचा दोष शोधावयास आम्हांस अर्धा तास लागला. मुलावर दोष ठेवावयास क्षणही लागला नव्हता. पालकहो, तुमच्या घरीं कांहीं बंद पडलें तर शेवटीं हात कोणाचा लागला हें विचारण्याआधीं पहिली पायरी चढून पाहा.