एक बंब, दोन वाटा

आपल्याकडे बंब पेटतो तो केवळ स्नानाच्या पाण्यासाठी. घराला ऊब देण्याचे काम आपण सूर्यावर सोपविले आहे. इंग्लंडात मात्र पुष्कळ घरी एकच बॉयलर ही दोन्ही कामे करतो. मग उन्हाळ्यात घर तापविणे थांबवून गरम पाणी तेवढे चालू कसे ठेवावयाचे?

साठवणीची टाकी असलेले घर घेऊ. बॉयलरमधून निघालेल्या तप्त पाण्याला दोन वाटा असतात. एक खोल्यांतील रेडिएटरांकडे जाते. दुसरी टाकीतील वेटोळ्या नळीतून फिरते. नळीतील पाणी टाकीतल्या पाण्यात मिसळत नाही, त्याला केवळ उष्णता देते. विजेवर चालणाऱ्या झडपेने पहिली वाट मिटली की रेडिएटर निवतात, टाकी तापतच राहते.

टाकीही कोमट ठेवून काटकसर करावी काय? नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात त्यांच्यापासून न्यूमोनियाची प्राणघातक साथ उद्भवली. ६० अंशांवर ते मरतात. म्हणून टाकीतील पाणी तितके तापवावे, आणि अंगावर घेताना त्यात थंड पाणी मिसळावे.

आम्ही वर्गात मांडतो तो हिशेब असा: २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास १००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.१६ युनिट वीज लागते. पाणी निम्मे, तर खर्चही निम्मा. तात्पर्य, आपल्या गीझरच्या बाबतीतही बचत करावी ती पाण्याच्या मापात, तापमानात नव्हे.