आजोबा उस्ताद, तुम्ही पोऱ्या

ठाण्यातला माजिवड्याचा नाका म्हणजे जुना आग्रा रोड, घोडबंदर रोड आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांची गाठ. वागळे इस्टेटचा माल आणि भिवंडीच्या मागांवरचा कपडा वाहणाऱ्या गाड्या या भागातल्या अनेक घरांच्या दारात उभ्या असायच्या. कुणाची बजाज टेम्पोची मॅटॅडोर, कुणाची टाटा ४०७, कुणाची महिंद्राच्या जीपवर हौदा चढवलेली पिकअप. तिच्या भाड्यातून तुमची शाळेची फी भरली गेली. आता तुम्ही टॉवरच्या सतराव्या मजल्यावर आहात, गाडी जुन्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे आणि तिचे मालक, म्हणजे तुमचे बाबा, गॅलरीत बसून मेट्रोच्या खांबांकडे बघत असतात.

एरवी पालकांशी बोलायचं म्हणजे मुलांविषयी बोलायचं. आज तुमच्या बाबांविषयी बोलू. मुलं त्यात येतीलच.

अलीकडे बऱ्याच घरांत एक हौस दिसते. बाबांची जुनी गाडी गुपचूप गॅरेजला द्यायची, डेंटिंग-पेंटिंग करून घ्यायचं आणि पंच्याहत्तरीला फुलांच्या माळा घालून समोर उभी करायची. हेतू चांगला, फोटोही छान येतात. मला मात्र ती हौस पटत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं त्या इंजिनात हात घातला, त्याला आपण एका दिवसाचा पाहुणा करून टाकतो. गाडी करायचीच असेल तर त्यांच्यासाठी करू नका, त्यांच्या हाताखाली करा. पाना त्यांच्याकडे, हुकूम त्यांचा. तुम्ही पोऱ्या.

वय झालं की नावं निसटतात. सकाळी औषध घेतलं की नाही, ते आठवत नाही. पण हाताला बसलेली कामं फार उशिरा जातात. माझ्या बाबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, शेजाऱ्यांचं आडनाव सुचत नाही, पण इंजिन थंड असताना टपेटच्या फटीत फिलरची पट्टी सरकवून ते एका झटक्यात सांगतात, ‘ढिला आहे, पाव आटा घे.’ हा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा खेळ. मी पट्टी दहादा सरकवली तरी मला काही कळत नाही. कानांचंही तसंच. उतारवयात आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून नातीचं वाक्य दोनदा सांगावं लागतं, पण बेअरिंगची जाड घरघर त्यांना आपल्याआधी कळते.

आमची जुनी गाडी करायला घेतली, त्या पहिल्याच रविवारी मी चाकाजवळ जॅक लावला आणि पाना घेऊन नटांवर जोर काढू लागलो. ‘अरे, चाक जमिनीवर आहे तोवर नट ढिले कर, मग उचल. उचललेल्या गाडीशी झोंबतोस?’ अण्णा ओरडले. माझी मुलगी शेजारी टॉर्च धरून उभी होती. तिने कुतूहलाने विचारलं, ‘पप्पा, तुम्हालापण ओरडतात?’

पालकहो, मला इथेच थांबून बोलायचं आहे. आपली मुलं आपल्याला कशी बघतात? ऑफिसच्या फोनवर सूचना देताना, त्यांच्या अभ्यासाच्या चुका काढताना, आजोबांना मोबाइल ‘असा नाही, असा धरा’ म्हणून शिकवताना. सगळीकडे आपण जाणते. आपल्याला काही येत नाही, आपण विचारतो आहोत, बोलणी खाऊन पुन्हा तेच काम करतो आहोत, असं त्यांना दिसतच नाही. मग बीजगणित अडलं की त्या पोराने कुणाकडे बघून धीर धरायचा? शिकणारा बाप दिसायला हवा, आणि घरात त्याला शिकवू शकेल असा माणूस बहुधा एकच असतो.

आता व्यवहाराचं. मॅटॅडोरचंच बघा. ती १९६९पासून रस्त्यावर आली. नंतरच्या मॅटॅडोरमध्ये बसलेलं मर्सिडीज घराण्याचं डिझेल इंजिन बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्येही वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे इंजिनाचं सामान अजून मिळतं. घोडं अडतं ते पत्र्यात, दाराच्या रबरात, काचेत, फाळक्याच्या कड्यांत. त्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची भंगाराची दुकानं पालथी घालावी लागतात. तिकडे बाबांना न्याच. भाव करण्याची त्यांची जुनी कला मुलांना दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? मात्र दुपारच्या उन्हात नको, आणि बसायला जागा बघून ठेवा.

कामाच्या जागीही उंच स्टूल हवं, उकिडवं बसणं नको. उजेड भरपूर हवा, कारण साठीनंतरच्या डोळ्याला तरुण डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. बाबा रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर पत्र्याच्या धारेपाशी हातमोजे सक्तीचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जायचं नाही, खाली घोडी लावायचीच. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, तीही मास्क लावून. त्या वेळी मुलांना जवळ उभं करू नका.

कागदांचं प्रकरण याहून नाजूक. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, पण नियमांत न बसणारी ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल हेही तेव्हाच सांगितलं आणि जानेवारी २०२२मध्ये त्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो दिली. प्रत्येकाच्या दारात बोलेरो येत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. २०२१च्या विंटेज नियमांचा आधार मिळेल म्हणाल, तर तो ५० वर्षांपेक्षा जुन्या, खासगी वापराच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, आणि नंतरही ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुमची पिवळ्या पाटीची पिकअप त्यात बसत नाही. तेव्हा रंगाचा डबा आणण्याआधी आरटीओत जाऊन नोंदणीची मुदत, थकलेला कर आणि आरसीवर बँकेचा बोजा राहिला आहे का, एवढं बघा. गाडी रस्त्यावर येणार नसेल तर ते बाबांना सुरुवातीलाच सांगा. अंगणातल्या अंगणात इंजिन सुरू होणं हेसुद्धा पुरेसं काम आहे.

आणि चावी? पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. पण लायसन्स आहे म्हणून कापूरबावडी नाक्याच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी घालता येते असं नाही. हे बोलणं गाडी तयार झाल्यावर काढलंत तर त्यांच्या तोंडचा घास काढल्यासारखं होईल. पहिला नट फिरवण्याआधी, आईच्या देखत बोला. आईला त्यांच्या नजरेबद्दल आणि झोपेबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि तिचं ते ऐकतात. निदान ऐकल्यासारखं करतात.

खर्च वसूल होणार नाही, हे मनाशी धरून चाला. घाईही नको. एका रविवारी नुसतं बोल्टवर तेल सोडून चहा पिऊन परतलात तरी चालेल. गॅरेजवाल्याला वेळेचे पैसे मोजावे लागतात, तुम्हाला इथे वेळच तर काढायचा आहे.

काही बाबांना ती गाडी नकोशी असते, हेही लक्षात असू द्या. आपल्याला तिच्यात बालपण दिसतं, त्यांना हप्ते, नाक्यावर भाड्याची वाट बघत घालवलेल्या रात्री आणि एखादा अपघात दिसतो. तसं असेल तर हट्ट धरू नका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, आरसी रद्द करा. हात चालायला हवेत एवढंच असेल तर घरातला जुना मिक्सरही चालतो.

म्हणून या रविवारी ताडपत्री काढू नका. आरसीचं पुस्तक काढा, बाबांसमोर ठेवा, मुलांना शेजारी बसवा आणि गाडी कुठून, कितीला, कुणाकडून उसने घेऊन आणली ते विचारा. पुढे काय करायचं ते त्यांना सांगू द्या. ‘भंगारात द्या’ म्हणाले, तर तेही ऐका.