रजिस्टर लग्नाचा क्रिटिकल पाथ

आपल्या हॉस्टेलमध्ये 'रजिस्टर लग्न' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हिंदी पिक्चरचा सीन येतो. हिरो-हिरॉइन धावत कोर्टात शिरतात, दोन हार, दोन सह्या, बाहेर मित्रांच्या टाळ्या... पाच मिनिटांत खेळ खलास! प्रत्यक्षात हे काम सबमिशनसारखं आहे. एक सही राहिली की पुढची मिळत नाही. आणि मुळात ते कोर्टात होतच नाही, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात होतं.

मी हे सगळं वाचलं ते माझ्या मावसभावामुळे. दादा हिंदू, वहिनी मुस्लिम. दोघं कमावती, आणि धर्म कुणीच बदलायचा नाही हे आधीपासून ठरलेलं. त्यांच्या लग्नात मी तिसरा साक्षीदार होतो. गंमत बघा, मी वीस वर्षांचा. मला मतदान करता येतं, दुसऱ्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करता येते, पण स्वतःचं लग्न मात्र करता येत नाही! मुलाला २१ पूर्ण आणि मुलीला १८ पूर्ण, अशी अट आहे.

आता थोडी थिअरी. दोघंही हिंदू असतील (यात कायद्याने बौद्ध, जैन, शीखही येतात) तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. म्हणजे आधी विधी, मग नोंदणी. घरातून विरोध असला की जोडपी आळंदी का गाठतात, ते यामुळे. नोंदणी मात्र टाळू नये. सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ मध्ये. निकालाची तारीख १४ फेब्रुवारी! न्यायमूर्तींनी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही, पण असो.

धर्म वेगळे असतील आणि कुणालाच बदलायचा नसेल, तर रस्ता म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. याचा पूर्वज १८७२ चा. त्यात लग्न करायचं तर 'मी हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन वगैरे कोणताच धर्म पाळत नाही' असं जाहीर करावं लागे. म्हणजे लग्नासाठी धर्मच सोडायचा. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात लग्न करताना ही अट राहिली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर, म्हणजे नंतरच्या सविता आंबेडकर, यांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच लग्न केले. १९५४ च्या कायद्याने मग सगळ्यांनाच, धर्म न विचारता, हे दार उघडले.

दार उघडं आहे, पण उंबरठा उंच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर याचा क्रिटिकल पाथ काढू. पहिली ॲक्टिव्हिटी रहिवासाची. दोघांपैकी निदान एकजण त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस राहिलेला हवा. दुसरी ॲक्टिव्हिटी नोटीस. ती लागल्यापासून ३० दिवस थांबायचे. म्हणजे नव्या शहरात आलेल्या जोडप्याला कमीत कमी ६० दिवस. तिसरी ॲक्टिव्हिटी, कुणी हरकत घेतली तरच. अधिकाऱ्याने हरकतीच्या तारखेपासून ३० दिवसांत निर्णय द्यायचा. आणि वरून डेडलाइन! नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. नोटिशीच्या तिसाव्या दिवशी हरकत आली तर निर्णयापर्यंत साठ दिवस जातात, आणि हातात फ्लोट उरतो जेमतेम महिनाभराचा.

नोटिशीच्या फॉर्ममध्ये नाव, वय, धंदा, सध्याचा पत्ता, किती दिवसांचा रहिवास आणि कायमचा पत्ता असे रकाने असतात. शिवाय अविवाहित की विधुर की घटस्फोटित, हेही लिहायचं. माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला हे शब्द एका ओळीत प्रथमच भेटले.

हॉस्टेलवाल्यांनी लक्ष द्यावं तो रकाना 'कायमचा पत्ता'. नोटिशीची प्रत कार्यालयात दर्शनी भागात लावतात. पण तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्याही कार्यालयात लागते. शिकायला पुण्यात आणि घर लातूरला, तर नोटीस लातूरलाही. ती घरी पाठवायची अशी तरतूद कायद्यात नाही. दिल्लीत घरच्या पत्त्यावर नोटिसा पाठवल्या जात होत्या, ते दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये चुकीचे ठरवले. पण छोट्या गावात कार्यालयातला बोर्ड आणि घर यांत अंतर ते किती? चहाच्या टपरीएवढं.

नोटिशीमागचा हेतू वाईट नाही. आधीचं लग्न लपवून दुसरं करणारा माणूस यात सापडू शकतो. पण ज्यांना घरच्यांचीच भीती आहे, त्यांचं नाव-पत्ता भिंतीवर लावून महिनाभर थांबा म्हणणं, हे मला पटत नाही. केरळ सरकारने अशा नोटिसा वेबसाइटवर टाकणे २०२० मध्ये बंद केले, कारण लोक त्या उचलून सोशल मीडियावर फिरवू लागले होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही, ते जोडप्याने ठरवावे. दादाने त्या निकालाची प्रिंट नेली होती. क्लार्क म्हणाले, "तो तिकडचा निकाल. इकडे बोर्डावर लागतेच."

त्याआधी कागदपत्रांत तीन चकरा झाल्या होत्या. वहिनीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर वेगळं. मग शपथपत्र. भाडेकरार दादाच्या एकट्याच्या नावावर, म्हणून "मुलीचं काय?" खरं तर एकाचा रहिवास पुरतो! कलम पाच उघडून दाखवल्यावर ते मिटलं. मग पुढचा प्रश्न, "मुलीचे वडील येणार आहेत का?"

"साहेब, हे कायद्यात कुठे आहे?"

"कायद्यात नसेल हो. पण आम्हाला विचारावं लागतं."

विचारावं लागत नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न ठरवलं की कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

नोटीस लागली आणि चौथ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर तिचा फोटो काढून वहिनीच्या माहेरी पाठवला. त्या रात्रीपासून वहिनी मैत्रिणीच्या खोलीवर. नोकरी चालू, फोन बंद. सव्विसाव्या दिवशी हरकत आली, 'कुटुंबाची संमती नाही व धर्म वेगळा आहे.' आता कलम चार वाचा. हरकतीची कारणं तेवढीच! आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक असमर्थता, वय कमी, किंवा निषिद्ध नात्यातले असणे. धर्म नाही, जात नाही, संमती नाही. तरी सुनावणी झाली, तारखा पडल्या, आणि हरकत फेटाळायला चोवीस दिवस गेले. दादा कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचा. प्रामाणिक नसलेली, बिनबुडाची हरकत घेणाऱ्याला १००० रुपयांपर्यंत खर्च लावायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. तो वापरला गेला नाही.

त्रेपन्नाव्या दिवशी लग्न. आधी दोघांचं आणि आम्हा तीन साक्षीदारांचं घोषणापत्र. हार घाला, सप्तपदी करा, काहीच करू नका, कायद्याला सगळं चालतं. एक गोष्ट मात्र हवीच. अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना तोंडाने म्हणायचं की मी तुला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो, दोघांना समजेल त्या भाषेत. दोघंही मराठीत बोलली. वहिनीचं पूर्ण वाक्य एका दमात, दादा 'कायदेशीर'वर अडखळला.

सही करण्याआधी मी दादाला कलम १९ दाखवलं. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याने दुसऱ्या धर्मात लग्न केलं की तो त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. दोघंही हिंदू असतील तर १९७६ पासून हे कलम लागत नाही. दादा म्हणाला, "अरे, आमच्या एकत्र कुटुंबात वाटायला आहे काय? एक गोदरेजचं कपाट." आणि पेन मागितलं.